आन् काळ्याचं काय?



मागील दोन खेपांना या सदरात बँकेतील नामांकन आणि वारसनोंद यांविषयी लिहिले. त्यावर बरीच विचारणा झाली. कुणाच्या पासबुकावर नाव चुकले आहे, कुणाच्या भावाने सातबारा अडवून धरला आहे, कुणाच्या आईचा जन्मदाखलाच सापडत नाही. हे प्रश्न येणारच. आज मात्र असा एक प्रश्न घेतो जो एकाही वाचकाने विचारलेला नाही. तो मला तीन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईने विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता.

कोरेगाव तालुक्यात आमचे मूळ गाव. तिथल्या बौद्धवस्तीत माझी एक चुलत आत्या राहत असे. यजमान कालकथित झालेले, दोन्ही मुले पिंपरी-चिंचवडला कंपनीत. घरात ती आणि काळ्या. तिला कुत्र्याचा शौक होता असे नव्हे. वस्तीच्या टोकाचे घर, मागे ऊस, रात्री-अपरात्री लाईट जाणार. एकट्या बाईला दाराशी कोणीतरी हवे म्हणून तिने रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणले आणि भाकरीवर वाढवले. सात-आठ वर्षांत ते दाराचे राखणदार राहिले नाही, घरातले माणूस झाले. मुलांचा फोन रविवारी यायचा, काळ्याशी बोलणे रोजचे.

मी गावी गेलो असता तिच्या खात्याचा नामांकनाचा अर्ज भरून दिला. तेव्हा एकच नाव देता येत असे, म्हणून थोरल्या मुलाचे घातले. (१ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात, हे मागच्या लेखात आले आहे.) अंगठा उठवून झाल्यावर तिने विचारले,

"आन् काळ्याचं कुठं लिव्हलंस?"

मी म्हणालो, "आत्या, कुत्र्याला खातं नसतं."

"खातं नसलं तरी खातंय की रं ते!"

बायका हसल्या, मीही हसलो. कागद पिशवीत घातले आणि चहा पिऊन एस.टी. पकडली.

पुढच्या वर्षी आषाढात आत्या गेली. मुले आली, अंत्यविधी झाला, पाचव्या दिवशी जलदानविधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रीतसर पार पडला. मुलांनी विहाराला दान दिले. सगळी व्यवस्था माझ्याकडेच होती. पंगतीच्या वेळी काळ्या मांडवात शिरला, तेव्हा त्याला "हाड" म्हणून हाकलणारा मीच. सहाव्या दिवशी भांड्यांची वाटणी झाली. दोन शेळ्या होत्या, त्या कोणी न्यायच्या यावर भावाभावांत थोडी कुरबुरही झाली. मग घराला कुलूप लागले आणि गाडी पिंपरीला निघून गेली.

काळ्या कुलपापाशी बसला. शेजाऱ्यांनी आठ-दहा दिवस भाकरी टाकली. पुढे या घराला वाटे त्या घराने टाकली असेल, त्या घराला वाटे याने. उपाशी कुत्रे, त्यात दाराजवळ येईल त्याच्यावर गुरगुरणारे. पोरांनी दगड मारले. एके दिवशी त्याने एका पोराच्या पोटरीला दात लावले. त्याला लस टोचल्याचा कागद कुणापाशी नव्हता, म्हणून वस्तीत घबराट पसरली. पोराला रेबीजच्या इंजेक्शनांसाठी पुन्हा पुन्हा न्यावे लागले आणि त्याच्या बापाचे रोजगार बुडाले. शेवटी चार जणांनी काळ्याला पोत्यात घालून टेम्पोने घाटात नेऊन सोडले. पुढचे कोणाला माहीत नाही.

मी कोणाला दोष देऊ? कुत्रे उपाशी पडेल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये, तोही अजून तेवढाच. पण कायदा टेम्पोवाल्यांना लावायचा, की कुलूप लावणाऱ्यांना, की अर्ज भरताना हसणाऱ्याला?

हे वाचून काही बंधू म्हणतील, अहो, पोरांची फी आणि घराचे हप्ते भरताना आमच्या नाकी नऊ येतात आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात? आपल्या समाजाला तर या बाबतीत एक जुनी जखमही आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या बापजाद्यांना ओंजळभर घेता येत नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. हे विसरायचे नाही. परंतु तळे अडवले ते माणसांनी, जनावरांनी नव्हे. आणि दिल्लीच्या घरी बाबासाहेब व माईसाहेब कुत्र्यासह बसले आहेत ते छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शिवाय मी कुत्रे पाळा म्हणून सांगत नाही. ज्यांनी पाळले आहे आणि ज्यांचे वय झाले आहे, त्यांच्याशी बोलतो आहे.

आता आमच्या साताऱ्याचीच एक गोष्ट सांगतो. शहराच्या पूर्वेला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत; हे संभाजीपुत्र, साताऱ्याच्या गादीचे, १५ डिसेंबर १७४९ रोजी वारलेले. तिथेच त्यांच्या कुत्र्याचीही समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, त्यात या कुत्र्याची हकीकत आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला होता. पुढे महाराजांनी त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, आणि एवढ्यावर न थांबता त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली, पालखीचा मान दिला. डफ ही गोष्ट महाराजांचे चित्त ठिकाणावर नसल्याचा दाखला म्हणून सांगतो. सरकारातून मात्र त्या पालखीचा सरंजाम चालू ठेवला गेला.

राजाच्या कुत्र्याला पालखी आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला वेठबिगार, हे मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या मागचे महार वतन सुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. असो. कारकून या नात्याने मी त्या सनदेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. जहागीर कुत्र्याच्या नावे असली तरी वसूल करणारा माणूस, हिशेब लिहिणारा माणूस, पालखी उचलणारे भोई माणसेच. कुत्रे सही करत नाही, ताट मागत नाही. म्हणजे नुसती सनद काढून भागत नाही, घास भरवणारा हात ठरवावा लागतो.

हीच गोष्ट पावणेतीनशे वर्षांनी रतन टाटांच्या बाबतीत दिसली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्र्याची तजवीज होती आणि तो त्यांच्या स्वयंपाक्याकडे सोपवला होता, असे वृत्तपत्रांत आले. पाळीव प्राण्यांसाठी १२ लाख रुपये बाजूला काढले आणि दर प्राण्याला तिमाहीस ३० हजार ठरवले, असेही पुढे छापून आले. मी सवयीने भागाकार केला. एका प्राण्याला धरले तर ४० तिमाह्या, म्हणजे १० वर्षे. एवढा पैसा आपल्याकडे नाही आणि लागतही नाही. त्या मृत्युपत्रातून आपण घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. कुत्रे कोणाकडे गेले? थोरामोठ्यांकडे नव्हे, जो त्याला आधीपासून खाऊ घालत होता त्याच्याकडे.

इमानी कुत्र्याच्या कथा आपल्याला फार आवडतात. रायगडावर वाघ्याची समाधी आहे, तिचे आताचे स्मारक १९३६ चे. धन्याच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी आख्यायिका. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही असे अभ्यासक म्हणतात, आणि २०२५ साली त्यावरून मोठा वादही झाला. त्या वादात मला पडायचे नाही. जपानमध्ये हाचिको म्हणून कुत्रा होऊन गेला. त्याचा धनी, टोकियोच्या विद्यापीठातील प्राध्यापक, २१ मे १९२५ रोजी अचानक वारला. कुत्रा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत, स्टेशनवर जाऊन त्याची वाट पाहत राहिला. जिवंतपणीच त्याचा पुतळा उभारला गेला. पण पुतळ्यामागची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते. प्राध्यापकासोबत राहणाऱ्या बाईशी त्याचे रीतसर लग्न लागलेले नव्हते, त्यामुळे तिला घर सोडावे लागले. कुत्रा या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे असा फिरत शेवटी जुन्या माळ्याकडे आला. कागद नव्हता म्हणून बाई बेघर झाली आणि तिच्यामागे कुत्राही. या कथा ऐकून आपण डोळे पुसतो, पण मला त्यांचा आता थोडा रागच येतो. कुत्र्याने चितेत उडी घ्यावी नाहीतर दारात बसून वाट पाहावी, म्हणजे आपण काही करायला नको, असे त्यांतून सोयीस्कर निघते. खरे कुत्रे चितेत उडी घेत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागते.

म्हैस वाटणीला येते, शेळी वाटणीला येते. कुत्रे कोणाच्याच वाटणीला येत नाही, कारण त्याची किंमत नाही. म्हणून त्याचा वारस आपण जिवंतपणी ठरवला नाही तर तो आपोआप ठरत नाही.

सांगलीला माझ्या ओळखीचे एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आहेत. वय अडुसष्ट, पत्नी हयात नाही, मुलगी सासरी. त्यांच्याकडे राणी नावाची गावठी कुत्री आहे. आत्याची हकीकत मी त्यांना सांगितली आणि त्यांनी जे केले ते पाहून मीच शिकलो.

पहिल्याने त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याच्या घरी विचारले. शाळकरी मुलगी लगेच "हो काका, मी सांभाळीन" म्हणाली. काकांनी तिच्या आईला वेगळे विचारले. ते मला म्हणाले, "पोर हो म्हणणारच. भाकरी थापणार कोण, तिला विचारायला हवं." बाईने दोन दिवस विचार केला आणि मग अट घातली: पिल्ले नकोत. तिचे बरोबर होते. कुत्रीचा गाभणकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले म्हटली की धर्म करणाऱ्याचाही हात आखडतो. काकांनी राणीचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन करून घेतले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून कार्ड घेतले आणि आता दरवर्षी नोंद करतात. हे कार्ड म्हणजे कुत्र्याचा शाळा सोडल्याचा दाखला समजा. त्याच्याशिवाय दुसऱ्या घरी प्रवेश मिळत नाही. काळ्याकडे ते असते तर कदाचित पोत्यापर्यंत वेळ आली नसती.

रिक्षावाला भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणून काकांनी घरमालकालाही विचारले, आणि उद्या ते कुटुंब खोली बदलून गेले तर म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचे दुसरे नाव धरून ठेवले.

मग सवय. दर रविवारी राणी रिक्षावाल्याकडे. तिकडे तिचे एक ताट, एक गोणपाट, तेच नाव, तीच हाक. पहिल्या दोन रविवारी ती दोर ओढून परत आली. तिसऱ्या वेळी काकांनी आपला जुना शर्ट गोणपाटावर टाकला, तेव्हा झोपली. कुत्रे घर ओळखते ते नाकाने, हे आपल्याला माहीत असून ऐनवेळी आठवत नाही.

पैशाचे काकांनी माझ्याकडून करून घेतले. कुत्र्याच्या नावे काही ठेवता येत नाही. कायद्याने ते वारस होत नाही, नॉमिनीही होत नाही. माणसाच्या नावे ठेवावे लागते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी केलीच पाहिजे असे नाही, साध्या कागदावर चालते. पण करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नये, उगाच संशयाला जागा होते. काकांनी एक लहानशी रक्कम रिक्षावाल्याच्या पत्नीच्या नावे, राणीच्या देखभालीकरिता म्हणून लिहिली. मी त्यांना एकच आग्रह केला, की हे मुलीला आणि जावयाला आत्ताच सांगा. नाहीतर उद्या "शेजारणीने म्हाताऱ्याला भुलवून लिहून घेतले" असे ऐकून त्या बाईला कुत्र्यापायी बदनामी यायची. मुलगी आधी फुरंगटली. आईच्या औषधाला पैसे नव्हते तेव्हा कुठे होते, असेही म्हणाली. त्याला काकांकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. पुढे तिनेच वाचून "ठीक आहे" म्हटले.

मृत्युपत्र कपाटातून निघते ते पाहुणे गेल्यावर, कधीकधी महिन्याने. कुत्र्याला त्याच रात्री भाकरी लागते. म्हणून एक चिठ्ठी वेगळी करावी. काकांनी कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवली आहे आणि तिची नक्कल आधारकार्डाबरोबर पाकिटात ठेवली आहे. तीत लिहिले आहे: घरी राणी नावाची कुत्री आहे, चावी रिक्षावाल्याकडे आहे, त्याचा आणि सहकाऱ्याचा फोन नंबर हा, दोन वेळा भाकरी-दूध, शिजवलेली हाडे देऊ नका, कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका, फटाक्यांना घाबरते, अनोळखी माणसाने गळ्याला हात लावू नये, लसीचे कार्ड ट्रंकेत. एवढेच. पोस्टकार्डावर मावेल.

त्या चिठ्ठीची परीक्षा मृत्यूआधीच झाली. गेल्या वर्षी काकांना अचानक दवाखान्यात न्यावे लागले आणि अकरा दिवस ठेवून घेतले. नर्सबाईंनी पाकिटातली चिठ्ठी वाचून रिक्षावाल्याला फोन लावला. घर बंद, आत कुत्री, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षातही नव्हते. राणीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तिसऱ्या दिवशी मुलीच्या हातून खाल्ले. काका परत आले तेव्हा ती धावत आली, त्यांच्याभोवती फिरली आणि मग आपली पुन्हा रिक्षावाल्याच्या दारात जाऊन बसली. काका सांगताना हसत होते, पण त्यांना थोडे लागले असावे.

कृष्णाकाठच्यांसाठी एक वेगळे. २००५, २०१९, २०२१, तीनदा पुराने आपल्याला घराबाहेर काढले. गुरे नेली जातात. कुत्रे बांधलेले राहते. न्यायला जमले नाही तर निदान साखळी सोडा.

आणखी एक सांगतो, थोडे कडू आहे. गावठी कुत्रे नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षे, कधी पंधराही जगते. सत्तरीच्या माणसाने दीड महिन्याचे पिल्लू आणू नये. सोबत हवी असेल तर गल्लीतले सहा-सात वर्षांचे शांत कुत्रे दाराशी येऊ द्यावे. दोघांचे वय जुळते. कोणीच सांभाळणारा मिळत नसेल तर कोणत्या तरी संस्थेच्या भरवशावर राहू नये. पशुवैद्यांना, दूधवाल्याला, विहारातल्या तरुणांना आताच सांगून ठेवावे. वर्षभर शोधले तर माणूस सापडतो. मयताच्या दिवशी शोधून सापडत नाही.

रविवारी विहारात मी लोकांचे अर्ज भरून देतो, ते आता वेगळ्या रीतीने. सगळे रकाने भरून झाले की शेवटी विचारतो, घरी मुके जनावर आहे का? बहुतेक जण हसतात. मी हसत नाही. परवा तासगावकडच्या एका आजी म्हणाल्या, "हाय की, कुत्रं हाय. पर त्याचं कशाला इचारतुयास?" मी कोरा कागद पुढे ओढला आणि कुत्र्याचे नाव विचारले. आजी म्हणाल्या, "नाव न्हाई बा, आम्ही त्याला 'ये' म्हंतो." तसेच लिहिले.

पुढील खेपेस संयुक्त खाते आणि त्यावरून भावाभावांत होणारे तंटे पाहू. ज्यांनी पासबुकाच्या झेरॉक्स पाठवल्या आहेत त्यांना त्यात उत्तर मिळेल.